कानानं शिकलेले माणिकदादा

चार माणसं गायला बसली की गाणं कमी आणि गोष्टीच जास्त होतात. पेटी उघडेपर्यंत एक, ढोलक जुळेपर्यंत दुसरी, चहा येईपर्यंत तिसरी. पांढुर्ण्यात विहारामागच्या खोलीत आमची भीमगीतांची पार्टी बसते. त्या खोलीत गाणी किती बसवली ते आठवत नाही, पण किस्से सगळे पाठ आहेत. आजकाल कोणताही किस्सा सुरू झाला तरी माणिकदादांवर येऊन थांबतो. मग हसता हसता कोणीतरी उगाच चटई नीट करायला लागतं.

माणिकदादा म्हणजे आमचे पेटीवाले. बिजली ऑफिसातून रिटायर झालेले. आयुष्यात एक सूर कागदावर पाहिला नाही, सगळं ऐकून शिकलेले. आणि मी नेमकी उलटी. नगरपालिकेत नोकरी करते आणि मोबाइलमध्ये बघून गिटार वाजवते.

पहिल्या दिवशी मी स्टँडवर मोबाइल लावला. दादा चष्मा वर करून वाकले.

“हे काय होय वं, संध्या?”

“टॅब आहे दादा. या सहा रेघा म्हणजे सहा तारा. हे आकडे म्हणजे कोणत्या घरात बोट ठेवायचं ते.”

“आकडे पाहून वाजवते?”

“हो.”

दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “जिंदगीभर मीटरचे आकडे पाहिले म्या. एकातूनही गाणं नाही निघालं!”

*

रामाकोन्याला कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात माझा मोबाइल बंद पडला. समोर अख्खं गाव बसलेलं, आणि माझी बोटं तारांवर गोठलेली. मी ढोलकवाल्या देवाजीकडे पाहिलं. तो वाजवण्यात गुंग.

दादांनी पेटी वाजवता वाजवताच मान माझ्याकडे वळवली. “मोबाइलकडे नको पाहू. ऐक.”

पुढची ओळ त्यांनी माझ्यासाठी जरा ठासून वाजवली. मग परत वाजवली. तिसऱ्यांदा माझी बोटं आपोआप तिच्यामागे गेली. काही न पाहता पुरं गाणं वाजवलं मी, जन्मात पहिल्यांदा!

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, “दादा, दोन ठिकाणी चुकलं माझं.”

दादा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, “तीन.”

*

पण ऐकून शिकलेलं सगळं खरंच असतं असं नाही हं!

मी पार्टीत यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. दादांनी एक गाणं कॅसेटवरून बसवलं होतं. ते गाणं सगळ्यांचं लाडकं. शेवटच्या कडव्यात सूर हळूहळू खाली उतरायचा, चालही मंद व्हायची, आणि लोक डोळे पुसायचे. सौंसरच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी विचारलंसुद्धा, “शेवट असा खाली का आणता?”

देवाजीनं ठोकून दिलं, “सर, आमच्या इकडची पद्धत आहे!”

बक्षीसही मिळालं म्हणे.

पुढं मी पार्टीत आल्यावर एकदा त्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यांना ऐकवलं. शेवटचं कडवं आलं. सूर जिथल्या तिथं! चालही तीच.

दादांनी पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग हळूच म्हणाले, “टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते त्या दिवशी. म्हणजे इतके वर्ष आपण उतरलेले सेल गाऊन राहिलो!”

देवाजी तर हसून हसून ढोलकवर आडवा झाला. अजूनही आम्ही ते गाणं तसंच गातो. बरोबर गायलं तर लोक रडत नाहीत.

*

देवाजीचं टेलरिंगचं दुकान आहे. तापट माणूस, पण दादांपुढं कधी आवाज चढवला नाही. एकदाच चढवला.

त्या दिवशी दादा सारखे म्हणत होते, “देवाजी, आज हळू काहून वाजवून राहिला गा?”

देवाजीनं जोर लावला.

“अरे, जरा हात मार ना!”

देवाजीनं इतक्या जोरात थाप मारली की ढोलकची पुडी फाटली. तो उठला. “दादा, मले वाजवाले शिकवू नका. तुमच्या मनासारखा ढोलकवाला पाहून घ्या.” फाटकी ढोलक खांद्याला लावून गेला, आणि प्रॅक्टिसला यायचाच बंद झाला.

मग एक दिवस माणिकदादांच्या घरच्या, सुशीलावहिनी, त्याच्या दुकानात गेल्या. ब्लाउजचं कापड पुढं केलं. माप देऊन झालं तरी उभ्याच.

“देवाजी भाऊ, त्यायले ऐकू येत नाही आता. त्यायले वाटते, कोणाले समजलं नाही. तुमी या.”

पुढच्या प्रॅक्टिसला देवाजी सगळ्यांच्या आधी हजर. दादा आल्याबरोबर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “माफ करा दादा! त्या दिवशी मी हळूच वाजवत होतो!”

*

नागपूरच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. मशीन लावून दादा पहिल्यांदा आले त्या दिवशी आम्ही सगळे लग्नघरातल्यासारखे खूश. देवाजीनं पेढे आणले. विचारपूस झाली, दादांना सगळं बोलणं बरोबर ऐकू येत होतं.

“चला, आता गाणं होऊन जाऊ द्या,” देवाजी म्हणाला.

गाणं सुरू झालं. दोन ओळीही झाल्या नसतील, दादांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी पेटीवरचा हात काढला आणि कानातून मशीन उपसलं.

“काय झालं दादा?”

“बोलणं समजते याच्यातून. पण गाणं लागलं का असं वाटते, गोटमारीच्या दिवशी सावरगावच्या काठावर उभा हाय, आन् सगळे गोटे मलेच लागून राहिले.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून आमचं गाव आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार. आम्ही हसलो. दादाही हसले. मशीन डबीत ठेवलं, डबी खिशात घातली. मग पेटीच्या लाकडावर तळहात टेकवून, आम्ही गात होतो तेवढा वेळ तसेच बसून राहिले.

*

काही दिवसांनी दादा नगरपालिकेत माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मला वाटलं नळाचं काही काम असेल.

“मले लिहिलेलं वाचाले शिकव,” ते म्हणाले.

मी पेटीसाठी सारेगम लिहून शिकवायला लागले. बोटं तयारच होती, नुसती अक्षरं ओळखायची होती. दादा भराभर शिकले. कागद पाहून एकेक ओळ वाजवायचे. अगदी बरोबर! आणि वाजवून झालं की पेटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायचे.

“बरोबर?”

मी मान हलवायची. “बरोबर.”

“पक्का?”

“पक्का, दादा.”

एकदा त्यांनी एक जागा अशी वाजवली, अशी वाजवली की काय सांगू. रामाकोन्याला माझ्यासाठी ठासून वाजवली होती ना, तशी. माझे डोळे भरून आले. मान हलवायची राहून गेली.

दादांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना वाटलं, चुकलं. पेन घेतला, बरोबर असलेला सूर खोडला आणि त्याच्या जागी दुसरा लिहिला.

*

आता हा शेवटचा किस्सा. देवाजी म्हणतो हा कोणाला सांगू नको. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादांच्या मनात एक चाल होती. त्यांची आई निंदणाला जायची, तेव्हा शेतात गायची ती. कुठं रेकॉर्ड नाही, कोणाला येत नाही. आई गेली. दादांनी ठरवलं, डोक्यात आहे तोवर ही लिहून काढायची. रोज थोडी थोडी लिहिली. झाली तेव्हा निरोप पाठवला, गिटार घेऊन ये.

रविवारी दुपारी गेले. दादा अंगणात खाटेवर बसले होते, मशीनची डबी उशाशी. मी कागद समोर ठेवला आणि वाजवलं. एकेक सूर लिहिला होता तसाच. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते.

काय सांगणार? सूर सगळे होते, पण गाणं होत नव्हतं. कुठं थांबायचं, कुठून ओढायचं, ते कागदात आलंच नव्हतं. मी परत वाजवलं. परत तसंच.

तेवढ्यात माझं वाजवणं चालू असतानाच कोणाचा तरी आवाज आला. गाण्याचा!

मी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सुशीलावहिनी उभ्या होत्या. हाताला कणीक लागलेली. तीच चाल, पण पुरी. थांबायची तिथं थांबत, ओढायची तिथं ओढत. सासूच्या मागं मागं शेतातल्या त्याच ओळीत त्यांनी किती वर्षं निंदण केलं होतं! इतकी वर्षं मी त्या घरी जाते, वहिनींना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. काय आवाज होता! माझी बोटं थांबली, मी नुसती ऐकत राहिले.

माझी नजर कुठं आहे हे पाहून दादा मागं वळले. वहिनींचे ओठ हलत होते.

“काय म्हणून राहिली वं?” दादांनी विचारलं.

वहिनी थांबल्या. पदरानं कपाळ पुसलं. मग जवळ आल्या आणि त्यांना समजेल असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

“चहा मांडू का, म्हणते.”

“मांड ना मंग,” दादा म्हणाले. “विचारते काय!”