भाचीच्या अशिलांचा मामा

माणसाच्या स्वातंत्र्यावर माझ्या भाचीइतका विश्वास असलेलं माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि घरच्यांच्या स्वातंत्र्याची तिच्याइतकी वाट लावणारंही. वकील झाल्यावर ती बाणेरच्या एका थंडगार ऑफिसात करारनामे तपासायची. न्यायला-आणायला गाडी होती. माझी बहीण हे न विचारताही सगळ्यांना सांगायची. मग एकदा मैत्रिणीच्या कामात सोबत म्हणून ती येरवड्याच्या तुरुंगात गेली आणि तिथे तिला एक म्हातारा भेटला. कोर्टाने त्याला जामीन केव्हाच दिला होता, पण हमी द्यायला पुण्यात कुणीच ओळखीचं नव्हतं, म्हणून तो आतच होता. हिने नोकरी सोडली. बहिणीने समजूत घालायला मला पाठवलं. मी पुष्कळ बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं असेल तर रेशनकार्ड घेऊन ये, मामा. म्हातारबाबांना जामीनदार हवाय."

तेव्हा मी सुटलो, कारण माझ्याआधी वॉचमनच्या मेहुण्याला तिने पटवलं होतं. पण तेव्हापासून तिला माणसं दिसेनाशीच झाली. नुसते जामीनदार दिसतात. एका स्थळाने तिला मोकळ्या वेळात काय करतेस असं विचारलं, तर हिने उलट विचारलं, "तुमचं घर स्वतःचं आहे ना? पुण्यातच?" मुलगा खूश झाला, आणि पुढच्याच आठवड्यात कोर्टात कुणा अनोळखी माणसासाठी उभा राहिला. स्थळ गेलं. बहिणीने महिनाभर माझ्याशी अबोला धरला, जणू मीच मुलीला कायदा शिकवला होता. एवढ्यावर भागेना, तेव्हा जामीन मिळूनही अडकून पडलेल्या सगळ्यांसाठी हिने हायकोर्टात जनहित याचिका टाकली. ती अजून चालू आहे, आणि त्यासाठी बळकावलेली माझी बैठकीची खोली अजून तिचं ऑफिस आहे.

अखेर माझा नंबर लागलाच. वाघोलीच्या एका बांधकामावरचा मजूर, विदर्भातला, चोरीच्या आळावरून आत गेलेला. बँकेत जन्म काढलेला मी, सख्ख्या साडूलाही कधी जामीन राहिलो नव्हतो.

"आणि तो पळाला तर?" मी विचारलं.

"तर कोर्ट तुला विचारेल."

"मी काय सांगू?"

"भाचीने सांगितलं म्हणून सही केली, असं सांग."

मी चिडून सही केली. तो सुटला त्या दिवशी तिने मला तुरुंगाच्या दाराशीही नेलं. बाहेर आलेला माणूस माझ्याच वयाचा निघाला. रस्त्याच्या कडेला येऊन तो थांबला आणि तिच्याकडे पाहत म्हणाला, "जाऊ का, मॅडम?"

"आता कुणाला विचारायचं नाही, दादा," ती म्हणाली.

तो तरी उभाच. गाड्या जात होत्या. शेवटी मीच त्याचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर हात सोडायचं त्यालाही सुचलं नाही, मलाही.