आजोबांच्या गोळीची पूड

आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात बावीस वर्षं उभ्या असलेल्या ताईंना सगळे मागून 'सरकारी वकील' म्हणतात. म्हणजे म्हणायला लागलो मी, मग पसरलं आपोआप! साधी डोकेदुखीची गोळी मागा, उलटतपासणी सुरू: "जेवलात? आणखी कुठली औषधं चालू आहेत?" नवरा शिंपी. तो म्हणतो, घरी नुसती उचकी लागली तरी जबाब द्यावा लागतो.

परवा सकाळी मी दुकानातच होतो, तेव्हा वरच्या तिसऱ्या मजल्यावरची वहिनी खोकल्याचं औषध न्यायला आली. निघताना म्हणाली, "सासऱ्यांना बीपीची नवी गोळी गिळवणार नाही हो, केवढी मोठी आहे. आज पहिलीच, कुटून ठेवलीय. ह्यांना सांगून आलेय, मधातून चाटवा."

"कुटली? ती कालची पिवळी?"

"हो."

ताई काउंटरची फळी उचलायलाही थांबल्या नाहीत, खालून वाकून सुसाट निघाल्या! पन्नाशीची बाई, अंगात पांढरा कोट, एक चप्पल दुकानातच. मागे वहिनी, वहिनीमागे मी. असली संधी मी सोडतो होय?

तिसऱ्या मजल्यावर आजोबांनी आ वासलेला, चमचा ओठांशी.

"थांबा!"

त्यांच्या मुलाच्या, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याच्या हातातला चमचा थेट चादरीवर.

"अहो, ही गोळी चोवीस तास हळूहळू विरघळायला बनवलीय," ताई धापा टाकत म्हणाल्या. "विरघळेल तेवढीच रक्तात जाते, नसा बेताने सैल करते. मागून यकृत तिचा निकाल लावत असतं. पूड दिलीत की दिवसभराचं औषध एकदम रक्तात! यकृताला आवरायचं नाही, नसा भसकन सैल, बीपी धाडकन खाली. माणूस उभ्या उभ्या कोसळतो."

आजोबांचे डोळे चमकले. "काय गं सूनबाई, मला एका चमच्यात आटोपत होतीस?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, कुटून दे!" वहिनी रडायलाच लागली.

ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दुसरी, मसुरीएवढी गोळी सांगितली, दिवसातून दोनदा. ताई धावत जाऊन घेऊन आल्या. तोवर दारात निम्मी इमारत जमलेली. आजोबांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले, मान मागे टाकली. कुणी श्वास घेईना.

"गेली!" आजोबा ओरडले आणि जीभ काढून सगळ्यांना दाखवली. टाळ्याच पडल्या!

वहिनीने डोळे पुसले, पुढे झाली. "परत आ करा. जिभेखाली बघू दे."