न शिवलेलं ब्लाउजपीस

सयाजीगंजात एसटीडी बूथच्या वर मनोविकारांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. महिन्यातून एकदा मी तिथे जायचे. जिन्यात पावलं वाजली की ओळखीचं कोणी तर नाही ना, म्हणून जीव धास्तावायचा.

माझ्याआधीचा नंबर नेहमी एका बाईंचा असायचा. आम्ही एकमेकींना नाव कधी विचारलं नाही. त्यांच्या मांडीवर एक जांभळं ब्लाउजपीस असे. पंख्याखालीही घाम पुसत त्या त्याची घडी मोडत आणि पुन्हा घालत.

मे महिन्यात त्या धापा टाकतच आल्या. चार दिवसांवर मुलीचं लग्न होतं.

"घरी सांगते, दरजीकडे जाते," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाच्या गडबडीत खपून गेलं. पण आता ते आटोपल्यावर काय सांगून येऊ? मागे गोळ्या सुटल्या, तेव्हा महिनाभर अंथरुणातून उठले नव्हते मी."

"वाचनालयात नाव घाला," मी म्हटलं. "पुस्तक बदलायला जाते, म्हणायचं. मी तेच सांगते."

त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"पण बेन, दिवाळीपासून हेच पुस्तक बघतेय मी तुमच्या हातात. घरी कोणी विचारत नाही?"