बँडच्या रांगेतली मोकळी जागा

विल्मा ह्राबिक फुटबॉलच्या सामन्याला येते, पण सामना बघत नाही. मध्यंतरात शाळेचा बँड मैदानात उतरला की ही ताठ बसते आणि रांगेत एक मोकळी जागा शोधते. गेली चार वर्षं, दर शुक्रवारी.

विल्मा आमच्या टेक्सासातल्या हायस्कुलात समुपदेशक आहे. मी शेजारच्या टेबलावर हजेरी बघते. बड्या कॉलेजांना मुलांचा वर्गातला क्रमांक कळवायचं काम तिचं. आमचं गणित मोठं चावट आहे. बँड हाही एक विषयच; अवघड विषयात पैकीच्या पैकी मिळाले तर पाच गुण, बँडमध्ये मिळाले तर चारच. म्हणजे हुशार पोरीनं बँडमध्ये पहिलं यायचं आणि सरासरीत खाली घसरायचं!

काही वर्षांपूर्वी बँडमधली मेरीबेथ अशीच घसरली होती, तिसऱ्या क्रमांकावर. अकरावीत विल्मानं तिला बँड सोडायला लावला. ऑगस्टात बँडची मैदानावरची कवायत बसली की बदलत नाही, म्हणून तिची जागा हंगामभर मोकळीच चालत राहिली. पोर रडली, पण पहिली आली. उत्तरेकडच्या नामांकित कॉलेजात गेली, आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून मेली.

विल्माला कुणी बोल लावला नाही. पण आता रांग भरलेली असली तरी तिला ती जागा दिसते. "आज ती डावीकडून तिसरी होती," असं ती सोमवारी मला सहज सांगते.

या वर्षी जोलीन ट्रेव्हिनो आली. अकरावीतली, ट्रम्पेट वाजवणारी, क्रमांकानं चौथी.

"मिस, मला बँड सोडायचाय. सही द्या ना."

"मिळणार नाही," विल्मा म्हणाली.

"अहो, दुसऱ्यांना तुम्हीच सोडायला लावता!"

"एकदा लावला. आता नाही. वाजव तू, क्रमांक गेला खड्ड्यात."

"मला नाही आवडत वाजवायला! आईनं घातलं म्हणून गेले. मला डॉक्टर व्हायचंय." पोरीचा आवाज चिरकला. "मी मेरीबेथ नाहीये, मिस. त्या मेल्या म्हणून मी का फुंकत बसू?"

मी हजेरीच्या कागदांत तोंड खुपसलं. विल्मा पांढरीफटक पडली होती. तिनं कागद पुढे ओढून सही केली.

त्या शुक्रवारी बँडच्या रांगेत खरोखरच एक जागा मोकळी होती. सगळ्यांनाच दिसत होती. जोलीन नाचो चिप्सचा डबा घेऊन प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर आली आणि विल्माशेजारी टेकली.

"माझी जागा बघताय?"

"तुझी नाही गं."

"मग त्यांची?" जोलीननं डबा पुढे केला. "कशा वाजवायच्या हो त्या?"

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मेरीबेथ वाजवायची तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी विल्मा ऑफिसात बसून क्रमांक लावत असे. त्या खोलीचा दिवा मला मैदानातून दिसायचा.

"मी कधी ऐकलंच नाही," ती म्हणाली, आणि भर गर्दीत हुंदके देऊन रडायला लागली.