दगड न फिरलेली भिंत

आमच्या आतिपोकाला त्या दिवशी मार बसायचा होता, आणि तो द्यायला मीच निघाले होते. चार-पाच वर्षांची पोर. दळणाच्या खोलीची भिंत मी सकाळीच सारवली होती, अजून ओली होती, आणि ही बया चुलीतला कोळसा घेऊन तिच्यावर गिरगटत बसलेली! मी झाडू उचलला. म्हटलं, "थांब सटवे, हातच मोडते तुझे!"

तिची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ तेनी, मध्ये पडली नाही. ती सरळ भिंतीपुढे जाऊन उभी राहिली नि म्हणाली, "अगं, हे आपलं तांबडं बोकड ना? बघ, एक शिंग मोडकं."

मी पाहिलं. होतं खरं. मोडक्या शिंगाचं बोकड, आणि त्याच्या तोंडात तिच्या बापाची, म्हणजे भावजींची टोपी. आदल्याच दिवशी त्याने चावून तिचा चोथा केला होता. मला असं हसू फुटलं की झाडू हातातून गळाला. मेली, मारायचीसुद्धा सोय ठेवली नाही तिने.

संध्याकाळी भावजी शेतातून आले, ज्वारीच्या दारूने भरलेला भोपळ्याचा कटोरा तोंडाला लावून भिंतीपुढे बसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेळ्यांच्या गोठ्याची भिंत लेकीच्या नावाने करून टाकली. "ही आतिपोकाची. कुणी हात लावायचा नाही," म्हणाले. शेळ्या कुठल्या ऐकतायत, त्यांनी महिन्याभरात अंग घासून निम्मी भिंत पुसून टाकली. पोरगी रडली नाही. उरलेल्या निम्म्या भिंतीवर तिने अंग घासणाऱ्या शेळ्या काढल्या.

आमच्या सिरिगू गावात भिंत उभी करायची पुरुषांनी आणि रंगवायची बायकांनी. पण आमच्या घरात या पोरीपायी पुरुषही कामाला लागले. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी बायकोसाठी बाजारातून मूठभर शेंगदाणे आणले नाहीत. तो टेकडीपलीकडे जाऊन पुतणीसाठी रंगाचे पांढरे दगड गोणीत भरून आणायचा, पाठ मोडेपर्यंत. मी विचारलं, "आणि माझ्यासाठी काय आणलंत?" तर म्हणतो कसा, "तू काढ की एखादं बोकड, तुलाही आणतो."

सासूबाईंचं वेगळंच. लादी तिचं नाव, आणि ही म्हातारी म्हणजे गावातला सगळ्यात सरळ हात. रेघ ओढायची तर श्वास रोखून. तिने नातीला धरून बसवलं. "आधी फुटक्या भोपळ्याची नक्षी. तिकोनाला तिकोन लागला पाहिजे. ते जमेपर्यंत गाय नाही, कोंबडी नाही, काही नाही." आतिपोका मान डोलवायची, अख्खी भिंत तिकोनांनी भरायची, आणि कोपऱ्यात कुणाला दिसणार नाही अशी काकीवर, म्हणजे माझ्यावर, भुंकणारी कुत्री काढून ठेवायची. म्हातारी शिव्या घालायची. आणि शेजारणी आल्या की त्यांचा हात धरून तोच कोपरा दाखवायला न्यायची!

दर साली बाजरी घरात आली, कोरडा वारा सुटला, की जुन्या भिंती शेणमातीने लिंपायच्या आणि नवं काढायचं. तेनी लिंपायच्या आधी लेकीच्या भिंतीशी घुटमळायची. "एवढं राहू दे की गं," म्हणायची. आतिपोका आईच्या हातातला शेणाचा गोळा काढून घ्यायची. "आई, त्यात काय आहे? आता याहून भारी काढते, बघच तू." आणि आम्ही सगळ्या तिच्याच बाजूने. "काढ गं बाई, काढ! पूस ते जुनं!" आम्हीच म्हणायचो. तेव्हा गावात फोटो काढणारा फक्त लग्नाला यायचा, आणि भिंतीचा फोटो कोण काढतो? एकेक साल असं एकेकाखाली गाडलं गेलं, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

तिचं लग्न ठरलं. पुढल्या साली ती दुसऱ्यांच्या भिंती रंगवणार होती. म्हणून म्हातारीने त्या साली आपल्या खोलीची पुढची भिंत तिला दिली. दारावर मातीचा अजगर घडवलेला आहे ना, त्याच्या शेजारची. तो मान मिळायला मला दोन पोरं व्हावी लागली होती, आणि हिला लग्नाआधीच! मी म्हटलं, "सासूबाई, आम्ही काय दगडं?" म्हातारी म्हणाली, "तुझ्या गाईला पाच पाय असतात, गप्प बैस."

भिंतीचं काम एका दिवसाचं असतं. पहाटे लिंपायचं, माती ओली आहे तोवर रंग भरायचा, आणि वाळायच्या आत नदीतल्या गुळगुळीत दगडाने सगळी भिंत घासून काढायची. तेव्हा कुठे रंग मातीत मुरतो. मग रानातल्या झाडाच्या शेंगा उकळून काढलेलं चिकट पाणी झाडूने शिंपडायचं, की पावसालाही भीत नाही. पण दगड फिरला नाही, तर रंग नुसता पिठासारखा वर बसलेला. फुंकर मारली तरी उडेल.

आम्ही सगळ्या जमलो होतो. आतिपोकाने वर तिकोनांच्या रांगा ओढल्या, आजीच्या तोडीच्या. खाली गाय-वासरू. मग रानकोंबड्यांची ओळ, आणि त्यांच्यामागे कमरेवर हात ठेवून, जबडा वासून उभी असलेली एक बाई.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"ओळख ना, काकी."

बायका हसून हसून लोळल्या. मी खोटं खोटं चिडले, पण काय सांगू, आतून फुलून गेले होते. तेवढ्यात तिने कपाळाला हात लावला. "काकी, आज ऊन फार आहे गं," म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. अंगाला हात लावला तर चटका. मग उलट्या. मग मान वळेना, लाकडासारखी ताठ. त्या साली गावोगाव तोच ताप फिरत होता, आम्हाला काय ते सांगायला नको होतं. भावजींनी तिला सायकलवर बांधली, तेनी मागून धावली, आम्ही सगळ्या धावलो. दगड तसेच भिंतीखाली पडून राहिले.

मोठ्या दवाखान्यातून ती परत आली ती चादरीत गुंडाळून. म्हाताऱ्या बायकांनी तिला शेवटच्या अंघोळीला आत नेलं आणि दार लावलं. आमच्यात पोटच्या पोराच्या मातीला आईने जायचं नसतं. तेनीला आम्ही मागच्या अंगणात धरून ठेवली. ती रडली नाही. डोळे उघडे, पापणी हलेना. मला तिची भीती वाटत होती.

सगळं उरकल्यावर आमचं भिंतीकडे लक्ष गेलं. वाऱ्याने खडखडीत वाळली होती. तिचं म्हणावं असं जगात तेवढंच उरलं होतं, बाकी सगळं आम्हीच लिंपून टाकलेलं.

भावजी म्हणाले, "शेंगांचं पाणी मारा. टिकवा ती."

म्हातारी म्हणाली, "दगड फिरलेला नाही. पाणी लागलं की सगळं वाहून जाईल."

"आणि नाही मारलं तर?"

"तर पावसात जाईल."

भावजी तिथेच मातीत बसले. एवढा बाप्या माणूस, पण बघवेना. मग म्हातारीनेच सुचवलं. आम्ही बायका ओळीने उभ्या राहिलो, तोंडात पाणी धरलं, आणि लांबून, धुकं पडावं तसं भिंतीवर फुर्र फुर्र उडवलं. माती जराशी ओलसर झाली तर दगड फिरेल, अशी आशा. रडताना तोंडात पाणी धरता येत नाही. कुणी तरी हुंदका द्यायची, पाणी सांडायचं, पुन्हा भरून घ्यायची. शेवटी तेनीने दगड घेतला आणि कोपऱ्यातल्या एका तिकोनावर हलकेच टेकवला. उचलला, तर तिकोन दगडाला चिकटून आला. भिंतीवर नुसता डाग.

तेनी त्या दगडाकडे बघत राहिली, मग आत गेली आणि पाण्याची घागर घेऊन आली.

"काय करतेस?" भावजी ओरडले. "अजून पाऊस लांब आहे! तोवर तरी राहू दे!"

"आणि मग पाऊस धुणार, मी नुसती बघत बसणार?" तेनी म्हणाली. "तिला शेवटची अंघोळ मला घालू दिली नाहीत तुम्ही. परक्या बायकांनी घातली. ही मी घालणार."

भावजी मागे सरले. म्हातारीने तेनीच्या हातात भोपळ्याचा कटोरा दिला.

तिने घाई केली नाही. वरून सुरुवात केली. ओंजळभर पाणी आणि तळहात, जसं तान्ह्या बाळाचं डोकं चोळतात तसं. तिकोन गेले, गाय गेली, वासरू गेलं. तांबडं-काळं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. रानकोंबड्या एकेक करून गेल्या. मग ती जबडा वासलेल्या बाईशी थांबली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"मलाही पूस गं ताई," मी म्हटलं. "माझं काय घेऊन बसलीस."

तिने मला पुसलं. मग तशाच रंगाने भरलेल्या हातांनी माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या मांडीत डोकं खुपसलं, आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा रडली.