आमच्या इकाम्यासाठी जनरलसाहेबांनी लढलेली लढाई

जनरलसाहेबांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. तरुणपणी तोफेच्या फार जवळ उभे राहिल्यामुळे तो कान गेला होता. माझ्या नवऱ्याने ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच हेरली. साहेबांना काही सांगायचं असलं की हे त्यांच्या उजवीकडे उभे राहत आणि साहेबांबद्दल काही बोलायचं असलं की डावीकडे. गाडीत तर देशाचा नियमच यांच्या बाजूचा होता. इथे ड्रायव्हर डाव्या अंगाला बसतो. साहेब शेजारी बसले की त्यांचा बंद कान बरोबर यांच्याकडे यायचा. घरापासून छावणीपर्यंत हे मनातलं सगळं बोलून घेत आणि साहेब खिडकीतून डोंगर बघत. अशा रीतीने दोघांचं वर्षानुवर्षं उत्तम जमलं.

आम्ही सौदी अरेबियात, खमीस मुशैतला होतो. सौदी तोफखान्याच्या लोकांना शिकवण्याचं कंत्राट घेतलेली एक कंपनी होती. जनरलसाहेब अमेरिकेच्या लष्करातून निवृत्त होऊन त्या कंपनीत सल्लागार झाले होते. हे त्याच कंपनीचे. यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, स्टोअरकीपर लिहिलेलं होतं, स्टोअरमध्ये हे कधी गेले नाहीत. साहेबांची गाडी चालवायची, बाजार करायचा आणि व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचं. स्वयंपाक माझ्याकडे होता. साहेबांना आमच्या रत्नागिरीकडची तांदळाची भाकरी आणि सुरमई फार आवडे. सुरमई जीझानहून बर्फात यायची. तिला चव राहिलेली नसायची, पण तसं मी कधी बोलले नाही. मी परक्या पुरुषासमोर फारशी बोलतच नसे.

दर शुक्रवारी दुपारी जेवताना साहेब आपली नोकरी सांगत. मुलीचं इंग्रजी सुधारेल म्हणून हे तिला समोर बसवत. मी दाराआडून वाढायची आणि मुलगी आत आली की मला दोन वाक्यांत सगळं सांगायची. "अम्मी, आज फिर व्हिएतनाम," असं म्हणाली की मला कळायचं, आज दुसरी भाकरी लागणार.

त्या नोकरीची कहाणी मला इतकी पाठ झाली की मधला एखादा भाग साहेबांनी गाळला तर चुकल्यासारखं व्हायचं. मक्याच्या शेतांच्या गावात जन्म. मग तोफांच्या शाळेत दाखल. मग व्हिएतनामच्या जंगलात दोन वर्षं, तिथे दिसत काहीच नसे, फक्त झाडं. मग जर्मनीत बरीच वर्षं रशियाकडे तोंड करून बसणं. रशिया आला नाही. त्याबद्दल साहेबांच्या आवाजात अजून थोडी नाराजी असे, पाहुण्याला बोलवावं, सगळं रांधून ठेवावं आणि त्याने येऊ नये तशी. मग इराकची लढाई, तीही इथूनच, उत्तरेच्या वाळवंटातून. त्यात कर्नल. मग मोठ्या कचेरीत टेबल, आणि टेबलावर बसून जनरल.

एकदा मी मुलीकडून विचारलं, एवढे गोळे टाकले ते कुठे पडले, हे साहेबांनी कधी पाहिलं का. साहेब म्हणाले, तोफखान्याचं कामच तसं असतं. टाकणारा मागे असतो, पुढे एक माणूस दुर्बीण घेऊन बसतो आणि तो सांगतो, ठीक पडला. मला ते बरं वाटलं. मीही पोळी फुगली की नाही ते न बघता तव्यावर टाकत गेले असते तर आयुष्य सोपं गेलं असतं.

नेम कसा लावतात तेही त्यांनी आम्हाला शिकवलं. आमच्याकडे अभाच्या डोंगरातून माकडं येतात, मोठी, कुत्र्याएवढी तोंडं असलेली. एक हुप्प्या रोज भिंतीवर येऊन बसे आणि कचऱ्याचा डबा उलटा करून जाई. एका शुक्रवारी साहेबांनी माझ्याकडे बटाटे मागितले. मुलीला म्हणाले, "बघ. पहिला मुद्दाम पुढे टाकायचा. दुसरा मुद्दाम अलीकडे. मग मधलं अंतर अर्धं करायचं. तिसरा चुकत नाही."

पहिला बटाटा भिंतीपलीकडे गेला आणि शेजारच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरच्या गाडीवर आदळला. दुसरा भिंतीच्या पायथ्याशी माझ्या पुदिन्याच्या कुंडीत पडला. साहेब अंतर अर्धं करत होते तेवढ्यात माकड खाली उतरलं, कुंडीतला बटाटा उचलला आणि पुन्हा जागेवर जाऊन खाऊ लागलं.

"तिसरा?" मुलीने विचारलं.

"शत्रूने जागा बदलली," साहेब म्हणाले.

"सर, ते तर तिथेच आहे."

साहेब हात धुवायला आत गेले. मिसरी डॉक्टरकडे मी संध्याकाळी ओल्या नारळाच्या वड्या पाठवल्या.

पुढे सौदीकरण आलं. म्हणजे आलेलं तर आधीपासूनच होतं, रोज कोणीतरी सांगायचं, अमक्याच्या दुकानात आता सौदीच बसणार, तमक्याला खुरूज मिळाला, म्हणजे कायमचं परत. मग सरकारने कंपन्यांना रंग लावले. सौदी माणसं पुरेशी असतील ती कंपनी हिरवी, नसतील ती लाल. लाल कंपनीतल्या परदेशी माणसाचा इकामा पुन्हा होत नाही. आमची कंपनी लाल झाली. एक परदेशी माणूस कमी झाला की ती हिरव्यात जाणार होती. यांचा इकामा डिसेंबरात संपत होता.

मुलगी दहावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये.

बापाचा इकामा गेला की आमचाही गेला. डिसेंबरात गावी परतलो असतो तर तिला तिथे मधेच कोणत्याही शाळेने बसवून घेतलं नसतं. वर्ष बुडालं असतं. आणि सोळा वर्षांची मुलगी वर्षभर घरी बसली की आमच्याकडे नातेवाईक काय काय स्थळं घेऊन येतात ते मला माहीत होतं. माझी शाळा चौथीत सुटली तीही अशीच, एका वर्षापुरती म्हणून. त्या दिवसांत कालवणात दोनदा मीठ पडायचं.

"मुदीरला विचारा की," मी म्हटलं. मुदीर म्हणजे कंपनीचा व्यवस्थापक, तरुण सौदी, अमेरिकेत शिकलेला.

"मी काय विचारणार? मी स्टोअरकीपर."

"मग साहेबांना सांगा. उजवीकडून."

यांनी सांगितलं. साहेब जेवता जेवता थांबले. मला दाराच्या फटीतून दिसलं, त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. जर्मनीत राहून गेलेली लढाई जणू आता खमीसला आली होती.

खरं तर इथे अशा कामाची एक रीत आहे आणि ती हमालालाही माहीत असते. ज्याच्याकडे काम आहे त्याच्या घरी जायचं. कहवा प्यायचा, खजूर खायचे, वडिलांची तब्येत विचारायची, पाऊस यंदा बरा झाला म्हणायचं, पुरे झालं की रिकामी प्याली हलवायची आणि घरी परत यायचं. कामाचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या वेळी जायचं तेव्हा तोच विचारतो, काही हवं होतं का.

"साहेब, पहिल्या दिवशी नुसता कहवा प्या," हे म्हणाले.

"तेवढ्यात शत्रू सावध होईल."

"साहेब, तो शत्रू नाही, मुदीर आहे."

साहेबांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर नकाशा मांडला. मिठाची बरणी म्हणजे मुदीर. लोणच्याची म्हणजे त्याचा काका, जो बैठकीत नेहमी असे. साहेब स्वतः भिंतीकडे बसणार, उजवा कान मुदीरकडे. यांना त्यांनी दारापाशी बसवलं आणि सांगितलं, तू पुढचा माणूस, दुर्बीणवाला, नीट बघ. यांना बिचाऱ्यांना आधी वाटलं होतं की गाडीतच थांबायचं आहे.

"आणि बोलणार काय?" यांनी विचारलं.

"पहिला गोळा पुढे," साहेब म्हणाले. "मी सांगेन, हा माणूस गेला तर मीही जाईन. ते त्यांना झेपणार नाही. मग मी मागे येईन."

हे मागे आमच्या खोलीत आले ते थेट खाटेवर बसले. म्हणाले, "अगं, हा माणूस बटाटे घेऊन चाललाय."

पुढचं मी पाहिलेलं नाही, यांनी सांगितलं ते लिहिते. बैठकीत गेले, सलाम झाले, कहवा आला. काकाने शेळ्यांचं बोलणं काढलं. साहेबांनी पहिली प्याली संपवली आणि काकाच्या शेळीला मधेच तोडून सरळ सांगितलं, माझ्या ड्रायव्हरचा इकामा झाला नाही तर माझा राजीनामा समजा.

मुदीरने प्याली खाली ठेवली. हे म्हणाले, त्याच्या तोंडावर जे आलं ते यांनी इतक्या वर्षांत त्या तोंडावर पाहिलं नव्हतं. ते सुख होतं.

साहेबांची जागाही सौदी माणसाला द्यायची ठरली होती. साहेबांच्याच हाताखाली शिकलेला एक कर्नल तिथे यायचा होता. मुदीर कितीतरी दिवस या विवंचनेत होता की वडिलांच्या वयाच्या माणसाला, तेही जनरलला, हे सांगायचं कोणत्या तोंडाने. आता त्याने उठून साहेबांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. म्हणाला, "जनरल, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. तुमचा आराम आम्ही कसा अडवणार? अल्लाह तुम्हाला सलामत ठेवो." काकाने मिठाई मागवली.

साहेबांना मिठाई येईपर्यंत काय झालं ते कळलं नसावं. मग कळलं. पण शिकवणूक शिकवणूक असते. दुसरा गोळा अलीकडे टाकायचा असतो म्हणून त्यांनी टाकला. म्हणाले, निदान मार्चपर्यंत तरी याला राहू द्या, मुलीची परीक्षा आहे.

"कोणाची मुलगी?" मुदीरने विचारलं.

"याची. दहावीला आहे."

मुदीर यांच्याकडे वळला. पहिल्यांदाच, असं हे म्हणाले. "तू मला हे सांगितलं का नाहीस? माझी धाकटी बहीण दहावीला आहे. आमच्या घरात टीव्ही बंद आहे."

आणि मग तो बोटांवर काहीतरी मोजून म्हणाला, जनरल गेले म्हणजे एक परदेशी कमी. कंपनी हिरवी. तुझा इकामा एक वर्षाचा होईल. खलास.

हे घरी आले तेव्हा मी भात निवत ठेवला होता. सगळं ऐकून मी म्हटलं, "म्हणजे नुसतं मुलीचं सांगितलं असतं तरी झालं असतं."

"नसतं झालं. एक माणूस कमी व्हायलाच हवा होता."

"साहेब तसेही जाणारच होते. त्यांची जागा गेलेलीच होती."

"आज ना उद्या. ती जागा जाईपर्यंत आपला डिसेंबर गेला असता."

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मला एवढंच कळलं की सरकारी मोजणीत जनरल एक आणि माझा नवरा एक. जंगल, जर्मनी, वाळवंट आणि खांद्यावरचा तारा धरूनही तो आकडा दीड होत नाही. हे मला आवडलं आणि आवडल्याची लाजही वाटली.

साहेबांनी मात्र लढाई जिंकली. शुक्रवारी जेवताना ते मुलीला सांगत होते, पहिला पुढे, दुसरा अलीकडे, आणि तिसऱ्याची गरजच पडली नाही. मुलीने विचारलं, "सर, आता तुम्ही कुठे जाणार?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाले, पुतण्या आहे, मक्याच्या गावाला. त्याच्या गॅरेजच्या वर एक खोली आहे. घर असं त्यांनी कधी केलं नव्हतं. आधी लष्कराने दिलेल्या घरात राहिले, मग कंपनीने दिलेल्या. मुलीने आत येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी तव्यावरची भाकरी करपू दिली. त्या दिवशी मी बाहेर गेले आणि स्वतःच्या हाताने त्यांना वाढलं. ते उभे राहिले. अमेरिकन लोक बाईसाठी उभे राहतात म्हणे. मग ते बसेनात आणि मी आत जाईना, शेवटी मुलगी म्हणाली, "सर, प्लीज सिट, मछली ठंडी हो रही है."

कर्नलसाहेब आले. त्यांचं घर गावातच होतं. व्हिला रिकामा राहिला. मुदीरने मुलीला पुढच्या खोलीत अभ्यासाला बसायची परवानगी दिली. तिथे हीटर चांगला होता आणि आमच्या डोंगरात जानेवारीत बोटं वाकत नाहीत.

इतिहासाच्या पेपरच्या दिवशी यांच्या मोबाईलवर साहेबांचा फोन आला. मुलीला दिला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"पेपर कसा गेला?"

"ठीक, सर. एक प्रश्न पहिल्या महायुद्धावर होता."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अच्छा? काय होता?"

"युद्धाचा हिंदुस्थानवर काय परिणाम झाला."

"तू काय लिहिलंस?"

"भाव वाढले. कर वाढले. गावांतून माणसं जबरदस्तीने भरती केली. धान्य मिळेना. साथ आली."

"तोफखान्याबद्दल?"

"काही नाही, सर. पाच मार्कांचाच होता."

तिकडे खुर्ची पुन्हा सरकली. मग साहेब म्हणाले, "नाही. तू लिहिलंस त्यात सगळं आलं. तोफखानाही." आणि पुढचा पेपर कोणता, तो कधी, त्याची तयारी झाली का, ते विचारू लागले.