बेटावरचं आवळीभोजन

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती नानाखेड्यातल्या आमच्या घराच्या फाटकापुढे गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहे, चालायला लागा. आई म्हणाली, बघू. ते ‘बघू’ अख्खा पावसाळाभर चाललं, आणि ही आता खुर्चीतच बसून राहते की काय, अशी धास्ती आम्हाला लागली.

कार्तिक लागला तसं मी घरात जाहीर केलं: यंदा आवळीभोजन कालियादेहच्या बेटावर. आवळ्याची पूजा करून त्याच्याच सावलीत जेवायचं, हा आईचा लाडका दिवस. बेट म्हणजे क्षिप्रेच्या दोन धारांमधली जमीन; तिच्यावर जुना महाल, आणि महालापाशी सुलतानाच्या काळातली दगडी कुंडं, ज्यांतून नदीचं पाणी वळणं घेत फिरतं. मी आधी एकटा जाऊन झाड पसंत करून आलो आणि सांगितलं, "गाडी थेट झाडापर्यंत जाते." पाहणीच्या दिवशी मी स्वतः पुलापासून चालत गेलो होतो, हे सांगताना माझ्या ध्यानातही नव्हतं.

पुलाशी चौकीदारानं हात आडवा केला. "भैया, गाडी यहीं लगा दो. अंदर सब पैदल ही जाते हैं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मी इथेच बसते. तुम्ही जेवून या."

"आणि पूजा कोण करणार?" बायको म्हणाली. "यांना सूत कुठून गुंडाळायचं तेही ठाऊक नाही."

हे इतकं खरं होतं की आई उतरली. एका हातात काठी, दुसरा नातीच्या खांद्यावर. पूल ओलांडला की लगेच माझं झाड. आईनं हळदकुंकू वाहिलं, माझ्या मुलीनं खोडाभोवती सूत गुंडाळलं, बायकोनं मसालेभाताचा डबा उघडला. तेवढ्यात आईनं काठीच्या टोकानं पायापाशी पडलेलं काहीतरी पुढे ओढलं.

"का रे, आवळ्याला चिंचा कधीपासून लागायला लागल्या?"

मी वर पाहिलं. हिरवे आकडे झाडभर लोंबत होते.

"पानं अगदी सारखी असतात," मी म्हणालो.

"फळंही बघायची असतात, अहो," बायको म्हणाली. मुलगी हसून हसून सतरंजीवर आडवी झाली.

"आई, भाव महत्त्वाचा."

"भाव तुझ्यापाशी ठेव. आवळा कुठाय ते विचार."

चौकीदाराला विचारलं. "अम्माजी, आँवला तो महल के पीछे है, कुंडों के उस पार."

"फार लांब आहे, राहू दे," मी म्हणालो. पण आई उठली होती. "चिंचेची पूजा करून आले, असं सांगू का मी शेजारी?"

आणि ती चालू लागली. नातीला तिनं परडी घेऊन पुढे पाठवलं, खांदाही नको म्हणाली. बेटावर ना हॉर्न, ना इंजिन. फक्त दगडावर काठीचा आवाज, आणि तो ऐकत मागून दोन्ही हातांत डबे घेतलेला मी. कुंडांपाशी ती थांबली. मला वाटलं, दमली. ती वाकून पाण्याची नागमोडी वाट बघत होती.

खरा आवळा फळांनी लगडलेला होता. पुन्हा पूजा झाली. आई चक्क खाली सतरंजीवर बसली. आता उठणार कशी, हे मी विचारणार तोच बायकोनं डोळ्यांनी दटावलं. आईनं कणकेचा उकडून भाजलेला बाफला तुपात कुस्करला, भात दुसऱ्यांदा घेतला, आणि माझ्या वनस्पतीज्ञानावर नातीबरोबर मनसोक्त हसली. इतक्या आनंदानं माझा अपमान याआधी मी कधीच करून घेतला नव्हता. पुलापाशी मी निवडलेलं ते झाड खरंच आवळ्याचं असतं, तर ती तिथेच जेवून परत फिरली असती.

जेवण झाल्यावर खोडाला हात टेकून ती उभी राहिली आणि महालाकडे निघाली.

"आई, तिथे पायऱ्या आहेत."

"दिसतायत मला," ती म्हणाली.